मास्तर

आमच्याकडे ‘मास्तर’ हा शब्द तिघांना लागतो. शाळेतला मास्तर, शिलाई मशिनीवरचा मास्तर आणि लग्नाच्या बँडात सगळ्यांच्या पुढे क्लॅरिनेट घेऊन चालणारा मास्तर. पहिल्याला मान मिळतो, दुसऱ्याला गिऱ्हाईक मिळतं आणि तिसऱ्याला वरात संपल्यावर जेवण मिळतं, तेही बहुधा मांडवाच्या मागच्या बाजूला. माझे नाना तिसऱ्या प्रकारचे मास्तर होते. लातूरला गंजगोलाईपासून औशापर्यंत त्यांना याच नावाने ओळखत. त्यांचं खरं नाव मला निकाहनाम्यावर वाचून कळलं. मी बी.एड. होऊन नांदेडला उर्दू माध्यमाच्या शाळेत लागले तेव्हा अम्मी म्हणाली, “घर में फिर एक मास्तर आया.” शेजारच्या खालांना ते वाक्य आवडलं नाही. “मास्तर नक्को बोल गे, टीचर बोल,” असं त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे.

नानांचे अब्बा निजामाच्या फौजेत बाजेवाले होते. नांदेड आणि लातूर ही दोन्ही गावं १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद रियासतीत होती. लातूर तर १९८२ मध्ये वेगळा जिल्हा होईपर्यंत उस्मानाबादेतच मोडत होतं. फौज आणि बाजा या गोष्टी आमच्या मुलखाला परक्या नव्हत्या. हैदराबाद कंटिन्जंटच्या छावण्या औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबादला होत्या. मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई. १९०३ मध्ये कंटिन्जंट हिंदुस्थानी फौजेत विलीन झालं, पण छावणीच्या गावांत बिगुलाची सवय राहिली. अजूनही म्हातारी माणसं लवकर उठणाऱ्याला ‘बिगुल के पहले उठ्या’ म्हणतात. चाऊस मंडळींचा मरफा, संदलचे ताशे, मातंगांची हलगी आणि हुजूर साहिबच्या हल्लाबोलचा नगारा ऐकत नांदेडचं लेकरू वाढतं. त्यातला निम्मा बाजा कधी ना कधी लढाईच्या कामाला लागलेला आहे.

नानांचं बालपण हैदराबादला बँडवाल्यांच्या बॅरेकीत गेलं. तिथलं शिक्षण कसं होतं ते त्यांनी मला तुकड्या-तुकड्याने सांगितलं. फजरची नमाज झाली की पोरांना भिंतीकडे तोंड करून उभं करायचे. एकच सूर, न हलवता, दम सरेपर्यंत धरायचा. त्याला ते ‘लंबा सूर’ म्हणत. दोन महिने नुसता लंबा सूर, गाणं नाही. मग सात सूर चढते-उतरते. त्यानंतर कागद. पाच रेघांवर बसलेली काळी टिंबं बघून वाजवायचं. एका हाताने पोराच्या पाठीवर ताल द्यायचा, तो ताल कधी थापेचा असे, कधी छडीचा. क्लॅरिनेटची पत्ती, म्हणजे तोंडाजवळची ती पातळ चीप, बरूसारख्याच एका काडीची असते. आमच्या उर्दू शाळेत खुशखतीसाठी जी कलम लागते तीही बरूचीच. नाना म्हणायचे, “तू लिखने की छिल, मैं बजाने की छिलता.”

नाना कागदापर्यंत पोचले आणि तिथेच थांबले. त्या वेळी ते सोळा वर्षांचे होते. १९४८ च्या त्या महिन्यांत उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत काय झालं ते पंडित सुंदरलाल समितीने लिहून ठेवलं आहे. आमच्या घरात ते कोणी बोलून दाखवलं नाही. एवढंच सांगितलं जायचं की बँड मोडला, गणवेश जमा केले आणि नानांचे अब्बा एक क्लॅरिनेट आणि एक जाड चोपडी घेऊन बहिणीकडे लातूरला आले. चोपडीत त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवलेलं नोटेशन होतं. वर्षभरात ते वारले. नानांना वाजवता येत होतं, पण चोपडी वाचता येत नव्हती. त्यांनी कानाने जेवढं घेतलं होतं तेवढ्यावर लातूरला बँड उभा केला. त्या बँडात मातंग समाजाचे तिघे, आमचे पाच आणि युफोनियम वाजवणारे एक ख्रिस्ती चाचा होते. चाळीस वर्षं त्यांनी तालुक्याची लग्नं वाजवली. चोपडी जुजदानासारख्या कापडात बांधून पेटीत राहिली.

एका पिढीत वाचणं कसं पुसलं जातं, हे मी पुस्तकातून शिकले नाही. ते मी आमच्या पेटीत पाहिलं.

बी.एड.ला शिक्षणाच्या इतिहासात बेल-लँकेस्टर पद्धत असते. मद्रासच्या अनाथालयात डॉ. अँड्र्यू बेल यांनी मोठ्या मुलाकडून लहान मुलाला शिकवण्याचा प्रयोग केला. त्यांनी देशी शाळेतली मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना पाहिली होती. १७९७ मध्ये त्यांनी आपला अहवाल छापला आणि ही पद्धत इंग्लंडभर गेली. हे सगळं आम्ही पाठ करून पाच गुणांना लिहिलं. ते अनाथालय फौजेतल्या गोऱ्यांच्या आणि इथल्या बायकांच्या मुलांसाठी होतं, आणि त्यातली काही पोरं पुढे कंपनीच्या पलटणींत ड्रम आणि फायफ वाजवायला जात, हे मात्र आम्हाला कुणी सांगितलं नाही. फायफ म्हणजे आडवी धरायची लहान बासरी. म्हणजे ज्या पद्धतीने पुढे जगभर गरिबांची मुलं शिकली, तिच्या पहिल्या वर्गात फौजेचे भावी बाजेवाले बसलेले होते. आई-बाप नसलेलं पोर बाजाला द्यायचं, ही रीत फार जुनी आहे.

इंग्रजांच्या फौजेतही पूर्वी बँडला शिस्त नव्हती. बँडमास्तर बाहेरचे, बरेचसे जर्मन किंवा इटालियन. त्यांचा पगार अधिकारी आपल्या खिशातून वर्गणी काढून देत. पलटण लढाईला निघाली की हे मास्तर राजीनामा देऊन घरी जायला मोकळे. १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धासाठी फौज इस्तंबूलसमोर स्कुटारीला, म्हणजे आजच्या उस्कुदारला, तळ देऊन होती. राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवसाच्या संचलनात सगळ्या बँडांनी एकदम राष्ट्रगीत सुरू केलं, आणि प्रत्येकाची पट्टी वेगळी, बांधणी वेगळी! तुर्की आणि फ्रेंच पाहुण्यांसमोर फजिती झाली, असं सांगतात. मग ड्यूक ऑफ केंब्रिजने मनावर घेतलं आणि १८५७ मध्ये लंडनजवळ नेलर हॉलला फौजी संगीताची शाळा निघाली. आपल्याकडे त्याच वर्षी काय चाललं होतं ते सांगायला नको. शाळा त्या वास्तूत २०२१ पर्यंत होती, त्यानंतर तिचं ठिकाण बदललं.

गंमत अशी की ज्यांच्या दारात ही फजिती झाली, त्यांच्याकडूनच युरोपने फौजेचा बाजा उचलला होता. उस्मानी सुलतानांच्या जानिसारी फौजेपुढे ‘मेहतर’ चालायचा. मोठा ढोल, झांजा, नक्कारे, झुर्ना. मोठा ढोल आणि झांजा युरोपच्या बँडात आल्या त्या तिथूनच. १८२६ मध्ये सुलतान महमूद दुसरा याने जानिसारी मोडून काढले आणि त्यांच्याबरोबर मेहतरही बंद केला. मग नव्या फौजेला नवा बाजा हवा, म्हणून १८२८ मध्ये इटलीहून जुझेप्पे दोनिझेत्ती यांना बोलावलं. प्रसिद्ध ऑपेराकार दोनिझेत्तींचे हे थोरले बंधू. त्यांनी महालातल्या पोरांना पाच रेघा शिकवल्या, पाशा झाले आणि १८५६ मध्ये इस्तंबूललाच वारले. बाजा पूर्वेकडून पश्चिमेकडे गेला आणि फी भरून परत आला.

‘मेहतर’ हा मूळ फारसी शब्द. अर्थ ‘थोर’, ‘सरदार’. तोच शब्द आपल्या देशात कुणाला लावला गेला आणि कसा लावला गेला, हे वाचकांना माहीत आहे. बाजेवाल्यांच्या नशिबाविषयी मी याहून जास्त लिहायची गरज नाही.

मोगलांकडे नक्कारखाना होता. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त त्याची यादीच दिली आहे. नक्काऱ्यांच्या सुमारे २० जोड्या, दमाम्यांच्या सुमारे १८, शिवाय कर्णे, सुरना, नफीर, झांजा. बादशहा स्वतः नक्कारा उत्तम वाजवायचे असंही तो लिहितो. रायगडावर नगारखाना आहे, औरंगाबादला नौबत दरवाजा आहे. नौबत झडली की लोकांना प्रहर कळायचा, स्वारी निघाल्याचं कळायचं. पण ही विद्या कागदावर नव्हती. बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून शागिर्दाकडे जायची. ती मोठीच होती, पण फौजेच्या नव्या गरजेला पुरी पडली नाही. पन्नास जणांना एकाच दिवशी एकच नवी धून एकाच पट्टीत वाजवायची असेल, तर कान पुरत नाही, कागद लागतो. मिनिटाला १२० पावलं, प्रत्येक पाऊल ३० इंचांचं, म्हणजे मिनिटाला १०० यार्ड. हे गणित ज्याच्या छातीत बसलं तोच फौजेचा बाजेवाला.

म्हणूनच गोव्याचे लोक सगळीकडे पोचले. गावोगावच्या चर्चच्या शाळांत ‘मेस्त्रे’ पोरांना सोल्फा शिकवायचा, नोटेशन वाचून गायला लावायचा, व्हायोलिन हातात द्यायचा. ती मुलं मोठी झाली की फौजेचे बँड, संस्थानांचे बँड, मूकपटांचे वाद्यवृंद आणि नंतर मुंबईचा सिनेमा, जिथे कागद वाचणारा हवा तिथे गोवेकर हजर. मेस्त्रे हाही मास्तरच. त्यांच्या समाजाने त्याला पोटाशी धरलं आणि आम्ही आमच्याला मांडवामागे जेवायला बसवलं, एवढा फरक मला दिसतो. आमच्यात बाजेवाल्याच्या घरी मुलगी देताना आजही दहा वेळा विचार होतो. माझ्या अम्मीच्या लग्नात वऱ्हाडातल्या एका बुजुर्गांनी स्पष्ट विचारलं होतं, मास्तर आता बाजा सोडणार ना? नानांनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी नेहमीप्रमाणे दुसऱ्याची वरात वाजवली.

तरी आमच्यातही कागदाचं महत्त्व ओळखणारे होऊन गेले. बडोद्याच्या मराठी दरबारात उस्ताद मौलाबख्श होते. त्यांनी देशी संगीतासाठी स्वतःची स्वरलिपी तयार केली, पाठ्यपुस्तकं लिहिली आणि १८८६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने गायनशाळा काढली. पोरांनी यावं, पाटीवर सूर लिहावेत, परीक्षा द्यावी. उस्ताद आणि शाळामास्तर एकाच माणसात! त्यांचे चिरंजीव लंडनला जाऊन पाश्चात्य संगीत शिकून आले. सूफी इनायत खाँ हे मौलाबख्शांचे नातू. मेरठला फौजेतल्या बँडमधून बाहेर पडलेल्या नादिर अलींनी १८८५ मध्ये कंपनी काढली. जली कोठी भागात आजही पितळी बाजे ठोकून तयार होतात. नानांचा दुसरा क्लॅरिनेट मेरठवरून आलेला होता. पहिला, अब्बांचा, विलायती होता. विकायची वेळ दोनदा आली होती.

आणि मैहर. उस्ताद अल्लाउद्दीन खाँ म्हटलं की लोकांना सरोद आठवतं. पण ते तरुणपणी कलकत्त्याला क्लॅरिनेट, कॉर्नेट शिकले होते आणि व्हायोलिनही एका गोवेकर बँडमास्तराकडे. १९१८ च्या साथीत मैहर संस्थानात पोरं उघडी पडली. खाँसाहेबांनी त्यांना गोळा करून बँड उभा केला. त्यांना अक्षर येत नव्हतं, म्हणून सगळं कानावर. आणि बंदुकीच्या नळ्या कापून, सुरात लावून त्यांनी ‘नलतरंग’ नावाचं वाद्य केलं. मी वर्गात हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “आपा, गोली निकलती थी क्या उसमें से?” मी म्हटलं, “सूर निकलते थे.” पोरं हसली. त्यातला एक हसला नाही. त्याच्याकडे मी नंतर येते.

स्वातंत्र्य आलं तेव्हा बँडचा प्रश्न राष्ट्रगीताच्या चर्चेतसुद्धा होता, हे आज ऐकायला नवल वाटेल. परदेशात आणि फौजेत वाद्यवृंदावर कोणतं गीत नीट वाजतं, हा मुद्दा पंडित नेहरूंनी ऑगस्ट १९४८ मध्ये घटना समितीत मांडला होता. आपल्या मास्टर कृष्णरावांनी ‘वंदे मातरम्’ही बँडवर वाजू शकतं हे दाखवायला वेगळी चाल बांधली आणि मुंबईला पोलिसांच्या बँडकडून ती वाजवून घेतली. अखेर २४ जानेवारी १९५० ला ‘जन गण मन’ राष्ट्रगीत ठरलं, आणि ‘वंदे मातरम्’ला तेवढाच मान दिला गेला. त्याआधी आझाद हिंद फौजेत कॅप्टन राम सिंह ठाकुरी होते. गोरखा पलटणीत पोरवयात भरती झालेले, बँडमध्येच शिकलेले. फौजेच्या प्रसिद्ध कूचगीताची चाल त्यांचीच. त्यांनी चाल दिलेल्या कौमी तराण्याचे शब्द लिहिणाऱ्यांत आमच्या हैदराबादचे आबिद हसन सफरानी होते. ‘जय हिंद’ ही घोषणा त्यांच्याच नावावर आहे. नाना हे नाव मोठ्या अभिमानाने घ्यायचे. हैदराबाद म्हटलं की लोक फक्त रझाकार आठवतात, सफरानी आठवत नाहीत, ही त्यांची तक्रार होती आणि माझीही आहे.

२३ ऑक्टोबर १९५० ला जनरल करिअप्पांच्या पुढाकाराने मध्य प्रदेशात पंचमढीला फौजी संगीताची शाळा सुरू झाली. आर्मी एज्युकेशन कोअरच्या प्रशिक्षण केंद्राचा तो एक विभाग. म्हणजे फौजेच्या शिक्षणखात्याकडेच बाजा आला, हे मला फार बरोबर वाटतं. तोपर्यंत वरचे बहुतेक बँडमास्तर गोरे होते. ते गेल्यावर शिकवायचं कोणी, हा प्रश्न होता. पुढे ‘बीटिंग रिट्रीट’ आलं. ग्रेनेडियर्सचे मेजर रॉबर्ट्स यांनी सगळे बँड एकत्र करून वाजवण्याची ती पद्धत पन्नाशीच्या सुरुवातीला बसवली. दर २९ जानेवारीला दिल्लीत संध्याकाळी ते होतं. त्यातल्या धुना हळूहळू देशी होत गेल्या. २०२२ मध्ये ‘अबाइड विथ मी’ ही गांधीजींची आवडती ख्रिस्ती धून वगळली गेली. काहींना आनंद झाला, काहींना वाईट वाटलं. मला विचाराल तर एक धून काढून देश जास्त देशी होत नाही. पण शेवटी इक्बालांचा ‘तराना-ए-हिंदी’ वाजतो आणि जवान त्यावर पावलं टाकत परततात, तेव्हा आमच्या स्टाफरूमात टीव्हीसमोर कोणी बोलत नाही.

२०२४ च्या प्रजासत्ताक दिनी संचलनाची सुरुवात शंभर स्त्री कलावंतांनी शंख, नादस्वरम, नगारे वाजवून केली. मी मुलींना मुद्दाम दाखवलं. माझ्या नानांनी पाच मुलींपैकी एकीलाही क्लॅरिनेटला हात लावू दिला नव्हता. अम्मी मात्र पत्ती छिलायला शिकली, कारण ते काम घरात बसून होतं.

आता त्या न हसलेल्या मुलाविषयी. नाव लिहीत नाही. दहावीत आहे, देगलूर नाक्याकडे राहतो. बाप बँडात कॉर्नेट वाजवतो, म्हणजे वाजवायचा. डीजे आल्यापासून हंगामातल्या तारखा निम्म्याहून कमी झाल्या. राहिलेल्या तारखांवर बँजोवाले आले. बापाने हातगाडी घेतली, कॉर्नेट भिंतीवर गेला. मुलगा मात्र १५ ऑगस्टला शाळेत साइड ड्रम असा वाजवतो की पहिलीची लेकरंसुद्धा पाऊल चुकत नाहीत. एक दिवस मोबाइलवर काहीतरी घेऊन माझ्याकडे आला. नौदलाची जाहिरात होती, अग्निवीर, म्युझिशियन. दहावी पास, वय साडेसतरापासून पुढे, एखादं वाद्य खरोखर वाजवता आलं पाहिजे, ताल आणि सुराची पारख तोंडी होणार, एक गाणं पूर्ण म्हणून दाखवायचं. निवड झाली तर ओडिशात चिल्का इथे नौसैनिकाचं प्रशिक्षण आणि मग मुंबईला कुलाब्यात आयएनएस कुंजालीवर संगीताचं. कुंजाली म्हणजे समुद्रावर पोर्तुगीजांशी लढलेल्या मलबारच्या मराक्कारांचं नाव. २०२२ पासूनची ही भरती चार वर्षांची. त्यातल्या चौघांतला एक पुढे कायम होतो. हे मी त्याला लपवलं नाही. “आपा, चार साल तो चार साल,” तो म्हणाला. “अब्बा कू कोई चार महिने का बी पक्का नै बोलता.”

बापाला बोलावलं. तो वर्गाच्या दाराबाहेरच उभा राहिला, चपला काढून. मी आत या म्हटलं तरी येईना. “आपा, इसकू बाजा नक्को सिकाव,” एवढंच म्हणाला. मी जाहिरात वाचून दाखवली. सरकारी नोकरी, गणवेश, पगार. तो म्हणाला, “वर्दी तो हमकू बी थी आपा. लाल थी, सोने के बटनां की. शादी के बाद उतार के रखनी पड़ती थी.” माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं. त्याचा आक्षेप धर्माचा नव्हता, पैशाचाही नव्हता. आपल्या पोराला कुणी ‘ए बाजेवाले’ म्हणून हाक मारू नये, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मी म्हटलं, तिथे रँकने हाक मारतात. तो बराच वेळ गप्प राहिला आणि “सोचता” म्हणून गेला.

मुलाची खरी अडचण वेगळी होती. त्याला कागद वाचता येत नव्हता. जाहिरातीत तशी अट नव्हती, पण तिथे गेल्यावर पहिल्या दिवसापासून नोटेशनच समोर येणार. नांदेडला शिकवणार कोण? शोधता शोधता गुरुद्वाऱ्याच्या बाजूला राहणारे एक निवृत्त सुभेदार भेटले. फौजेच्या बँडात आयुष्य गेलेले, पंचमढीला शिकलेले सरदारजी. त्यांनी पहिल्याच भेटीत मुलाला टेबलावर बोटाने ताल धरायला लावला, मध्येच स्वतः चुकीचा ताल दिला आणि पोरगं ढळतं का ते पाहिलं. ढळलं नाही. मग पंचमढीच्या आठवणी निघाल्या. तिथे कसं न ऐकलेलं संगीत कागदावरून थेट वाजवायला देतात, कसं वाजलेलं ऐकून कागदावर उतरवायला लावतात, बँडमास्तर व्हायचं तर प्रत्येक वाद्याची बांधणी स्वतः लिहायची. “मॅडमजी, ये इमला है,” ते म्हणाले. इमला म्हणजे आमच्या उर्दूच्या तासाचं श्रुतलेखन. मला हा माणूस त्याच क्षणी सहकारी वाटला. दर रविवारी ते मुलाला बोलावतात. फी घेत नाहीत, पण उशीर झाला तर परत पाठवतात.

मुलगा वहीत पाच रेघा आखायचा आणि सवयीने उजवीकडून लिहायला लागायचा. दहा वर्षं उर्दू लिहिलेल्या हाताला दुसरं काय सुचणार? सुभेदारांनी दोनदा वही पालथी केली. मी त्याला म्हटलं, लाजायचं कारण नाही. सतराव्या शतकात इस्तंबूलच्या महालात अली उफ्की नावाचा एक पोलिश माणूस होता. पकडून आणलेला, पुढे मुसलमान झालेला. त्याने तुर्की संगीत युरोपच्या पाच रेघांवर उतरवलं, पण खालचे शब्द उजवीकडून डावीकडे जाणारे, म्हणून त्याने सूरही उजवीकडूनच लिहिले. ती वही आजही जपलेली आहे. मुलाने विचारलं, “फिर वो पास हुआ क्या?” मी म्हटलं, त्याची परीक्षा घेणारा तिथे कुणी नव्हता, तुझी आहे. डावीकडून लिही.

मागच्या सुट्टीत लातूरहून मी ती चोपडी घेऊन आले. अम्मीने कापड स्वतः सोडलं. कागद पिवळे, कडा कुरतडलेल्या, रेघा हाताने आखलेल्या. सूर डावीकडून उजवीकडे आणि त्यांच्या वर उर्दूत बारीक सूचना उजवीकडून डावीकडे: ‘आहिस्ता’, ‘दम लो’, ‘यहाँ जबान से’. एका पानावर दोन हात समोरासमोर चालत येतात. आमच्या घरात सगळ्यांना वाटायचं की त्यात निजामाचे तराणे असतील, सलामीच्या धुना असतील. मुलाने पहिलं पान उघडलं, बोट ठेवून सूर मोजले, ओठांनी पुटपुटला आणि मग भिंतीवरून उतरवलेल्या कॉर्नेटवर हळूहळू वाजवलं. लंबा सूर. मग सात चढते, सात उतरते. पुढचं पान उलटलं, तिथे तेच, जरा जलद. तिसऱ्यावर तेच दुसऱ्या पट्टीत. चोपडीची पहिली वीस पानं पोरांना द्यायच्या धड्यांची होती.

बाप हातगाडी लावून नुकताच आला होता. ओट्यावर पाय धूत होता. आत न बघताच म्हणाला, “तीसरा सूर उतर रा. होंठ ढीले मत कर.”

मुलाने परत पहिल्यापासून सुरू केलं.